इंजिनाचा दाब गेला कुठे?

छंदाच्या विमानाचे फोर-स्ट्रोक इंजिन बरेच महिने पडून राहिले, की कधी कधी पंखा बोटाने अगदी सहज फिरतो. दर दोन फेऱ्यांत एकदा जाणवणारा कडक अडथळा, म्हणजेच कॉम्प्रेशन, गायब झालेले असते. असे इंजिन सुरू झालेच, तरी हवेत बंद पडून विमान कोसळू शकते.

लगेच पिस्टनची रिंग बदलू नये. आधी कान लावावा. इंजिन थंड असावे. ग्लो प्लगची बॅटरी काढावी, नाहीतर इंजिन अचानक पेटून पंखा बोटे कापेल. मग पंखा हळू फिरवावा. फुसफुस कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या नळीतून आली तर रिंग. प्लगभोवती टाकलेल्या तेलात बुडबुडे आले, तर गळती तिथेच.

इंधनातल्या एरंडेलाचा चिकट थर व्हॉल्व्हच्या दांडीवर साचला, की तो पूर्ण मिटत नाही. रॉकरखालची फट संपली तरी तेच होते. अनेक इंजिनांत ती जेमतेम ०.०४ ते ०.१ मिलिमीटर असते. केसाएवढ्या फटीवर सारे उड्डाण अवलंबून!