फिरत्या बिऱ्हाडाची वीज

आजच्या विषयाचे नाव जाहीर झाले तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "कॅम्पिंगच्या गाडीसाठी घडीचे सोलर पॅनेल, हे तर हौशी लोकांचे काम दिसते. गोदाकाठी व्याख्यान ऐकायला येणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय?" शंका रास्त आहे, म्हणून आरंभीच तिचा विचार करू.

मोटारीच्या मागे जोडून न्यायची लहानशी खोली हा प्रकार आपल्याकडे नवा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, आणि अशी एखादी गाडी आता भंडारदऱ्याच्या वाटेवर दिसूही लागली आहे. पण चाकांवरचे बिऱ्हाड ही गोष्ट मात्र आपल्याकडे मुळीच नवी नाही. दिवाळीच्या आगेमागे एखाद्या हमरस्त्यावर घटकाभर उभे राहावे. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्या जाताना दिसतील. त्यांत भांडीकुंडी, पाण्याचे पिंप, बाजरीची पोती, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली बायकामुले. बीड, अहिल्यानगर, जळगाव ह्या जिल्ह्यांतून आणि आपल्या नांदगावसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून ही ऊसतोडीची माणसे कारखान्यांच्या भागात जातात, आणि गळीत हंगाम सरेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, फडाच्या आसपास कोपी घालून राहतात. हौसेने बाहेर राहणाऱ्यांपेक्षा पोटासाठी बाहेर राहणारे आपल्याकडे कितीतरी पटींनी अधिक आहेत. अडचण मात्र दोघांची एकच आहे. तारेची वीज त्यांच्या मुक्कामापर्यंत पोचलेली नसते.

सहलीला गेलेल्या माणसाला अंधारात चार तारे अधिक दिसतात. कोपीतल्या माणसाला अंधार परवडत नाही. पहाटे काळोखातच चूल पेटवायची असते. रात्री-अपरात्री ट्रक आला की मोळ्या भरायच्या असतात. पाचटात साप असतो, आणि निफाड-जुन्नरच्या बाजूला उसात बिबट्या राहतो हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गावाकडे ठेवलेल्या म्हाताऱ्या आईबापांची खबर मोबाइलवर यायची, तर तो चार्ज करण्यासाठी कोणाच्या तरी दुकानात ठेवावा लागतो. म्हणून आम्ही ठरवले की ह्या यंत्राची रचना सांगायची ती दोन्ही बिऱ्हाडे डोळ्यांपुढे ठेवून. उपकरण एकच आहे. मोजमाप तेवढे ज्याचे त्याने आपल्या गरजेप्रमाणे करावयाचे.

प्रथम पॅनेल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ऊन पडले की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि चकतीच्या दोन थरांची घडण अशी असते की ते एकाच दिशेने वाहू लागतात. ह्या वाहण्यालाच आपण वीज म्हणतो. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन ह्या तिघांनी असा पहिला उपयोगी सौर घट सिद्ध केला. त्या घटाने पडलेल्या उन्हापैकी शेकडा ६ भागच विजेत उतरत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलमध्ये शेकडा २० च्या वर उतरतो. एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून ३६ घट एकापुढे एक जोडून १२ व्होल्टची बॅटरी भरण्याजोगे एक पॅनेल करतात.

ते घडीचे करण्याची कल्पना अवकाशयानांपासून चालत आलेली आहे. रॉकेटच्या टोकात जागा थोडी, म्हणून उपग्रहाचे पंख मिटवून नेतात आणि वर गेल्यावर उघडतात. आपल्या देशाचा 'ॲपल' हा उपग्रह जून १९८१ मध्ये वर गेला. जमिनीवर त्याची एक चाचणी घेताना तो बैलगाडीवर ठेवला होता, ते छायाचित्र आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वर गेल्यावर त्याच्या दोन पॅनेलांपैकी एक उघडलेच नाही! तरीही उरलेल्या एकावर त्याने दोन वर्षांहून अधिक काळ काम केले. ह्या कथेत आपल्यासाठी दोन बोध आहेत. एक, घडीच्या वस्तूत बिजागरी हाच सर्वांत नाजूक भाग. दुसरा, पॅनेल शक्यतो दोन असावीत आणि जोडणी अशी असावी की एक अडले तरी दुसरे चालत राहील.

येथे कोणी विचारील, पॅनेल गाडीच्या टपावरच कायमचे का ठोकू नये? त्याचे उत्तर आपले ऊन देईल. गाडी झाडाच्या सावलीत उभी केली तर माणसे सुखी पण पॅनेल उपाशी. गाडी उन्हात उभी केली तर पॅनेल सुखी आणि माणसे भाजून निघतात. घडीचे पॅनेल ह्या तंट्यातून सोडवते. बिऱ्हाड सावलीत आणि पॅनेल पाच मीटर पलीकडे उन्हात. ऊसतोडीच्या ट्रॉलीला तर टपच नसतो, आणि कोपीच्या छपराला काचेचे ओझे पेलत नाही. तेथे घडीवाचून गत्यंतरच नाही.

आता हिशेब. पुष्कळ लोक आधी पॅनेल विकत घेतात आणि मग त्यावर काय काय चालेल ते विचारतात. हे म्हणजे पाहुणे किती ते न मोजता पातेले चढवण्यासारखे झाले. आरंभ दिव्यापासून करावा. एक वॅटचे उपकरण एक तास चालले की एक वॅट-तास खर्च होतो; असे हजार झाले म्हणजे आपल्या घरच्या बिलातले एक युनिट. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास चालले तर ५० वॅट-तास. तीन मोबाइलांना प्रत्येकी २० धरून ६०. पंधरा वॅटचा लहान पंखा सहा तास चालवला तर ९०. एकूण झाले २००, म्हणजे एका युनिटचा पाचवा हिस्सा. एवढ्यात एका कुटुंबाची रात्र उजळते! गाडीत लहानसा फ्रिज ठेवायचा हट्ट असेल तर तो एकटाच दिवसाला चार-पाचशे वॅट-तास खाईल, आणि मग पुढचे सारे आकडे तिप्पट करावे लागतील.

नाशिकच्या बाजूला निरभ्र दिवशी पूर्ण प्रखर उन्हाचे सुमारे पाच तास धरावेत. १०० वॅटचे पॅनेल पाच तासांत कागदावर ५०० वॅट-तास देईल. पण पॅनेलचा कागदी आकडा २५ अंश तपमानाचा असतो, आणि आपल्या उन्हात त्याची पाठ साठीच्या पुढे जाते. दर अंशामागे शेकडा ०.४ भाग घटतो. धूळ, तारा, बॅटरी ह्यांचाही वाटा असतो. म्हणून शेकडा ७० धरून ३५० वॅट-तास हाती येतात असे मानावे. गरज २०० ची आहे. तेव्हा ५० वॅटची दोन पॅनेल एका कुटुंबास पुरून उरतात. ऊसतोडीचा हंगाम बहुतेक थंडीचा, तेव्हा पंखा लागत नाही. तो वगळला तर हाच संच दोन कोप्यांना सुखाने पुरेल.

बांधणीकडे वळू. ॲल्युमिनियमच्या चौकटीची, काचेची, ३६ घटांची दोन सारखी पॅनेल घ्यावीत. कापडासारखी वाकणारी पॅनेल हलकी असतात खरी, पण काचेच्या पॅनेलइतकी टिकत नाहीत. दोन्हींच्या काचा समोरासमोर आणून चौकटींच्या कोपऱ्यांत रबराचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मिटल्यावर काचेला काच लागणार नाही. लांब बाजूस दोन स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या, समोरच्या बाजूस पेटीला असतात तशा दोन कड्या आणि एक मूठ बसवली की सुटकेससारखी घडी तयार होते. भोके पाडायची ती केवळ चौकटीतच. ड्रिल आत घुसून मागच्या पांढऱ्या पडद्याला खरचटले तरी तेथून ओल शिरते आणि पॅनेल हळूहळू मरते. बिजागरीजवळ तारेला सैल फेरा ठेवावा, कारण ताणलेली तार उघडमिटीने आतल्या आत तुटते आणि दोष सापडत नाही.

पायांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या विंग नटने बसवाव्यात आणि त्यांना तीन भोके पाडावीत, म्हणजे पॅनेल १०, २० आणि ३५ अंशांवर उभे करता येईल. नाशिक २० उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा पॅनेल जवळजवळ आडवेच हवे. डिसेंबरात मात्र सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून तेव्हा ३५ अंश. तोंड नेहमी दक्षिणेस. सूर्याबरोबर ते फिरवत बसण्याची गरज नाही. फडात राबणाऱ्या माणसाला तेवढी उसंतही नसते.

दोन्ही पॅनेलांचे धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणाला जोडावे, म्हणजे एकावर कडुनिंबाची फांदी सावली धरून बसली तरी दुसरे आपले काम करीत राहते. सावलीला क्षुद्र समजू नये. घट एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एका घटावरची सावली तिच्या सबंध ओळीचा प्रवाह अडवते. पाटाच्या एका दारात माती पडावी तसे होते.

तार जाड घ्यावी. पाच मीटर अंतरावर जाऊन-येऊन दहा मीटर तार होते. एक चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली तर तीत सुमारे एक व्होल्ट खर्ची पडतो. चार चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्ट. पॅनेल तापले की त्याचा दाब आधीच उतरलेला असतो, आणि अशा वेळी तो एक व्होल्टच बॅटरी पुरी भरू देत नाही. पॅनेल आणि बॅटरी ह्यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो बॅटरी भरल्यावर प्रवाह थांबवतो. तो बॅटरीशेजारी ठेवावा आणि बॅटरीच्या जातीप्रमाणे लावून घ्यावा. बॅटरीच्या धन टोकाजवळच १५ ॲम्पिअरचा फ्यूज बसवावा. पाचटाच्या कोपीत ठिणगी काय करील ते सांगायला नको.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट ३० ॲम्पिअर-तासांची घेतली तर तिच्यात ३८४ वॅट-तास मावतात. त्यांतले ३०० वापरले तरी ती दीड दिवस पुरते, आणि वजन चारेक किलो. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त असते, पण अर्ध्याखाली उतरवली की तिचे आयुष्य भराभर घटते, आणि तेवढ्याच कामाला वजन तिप्पट होते. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडताना आधी पॅनेल, मग बॅटरी. आणि हे ध्यानी ठेवावे की उन्हातले पॅनेल बंद करता येत नाही. ऊन आहे तोवर त्यात वीज आहे. सर्व जोडण्या घडी मिटलेली असताना कराव्यात. घडी मिटणे हाच ह्या यंत्राचा खटका.

एक चूक आमची स्वतःची. पहिले पॅनेल तयार झाल्याच्या आनंदात आम्ही ते नुसतेच उभे केले, आणि चैत्रातल्या एका वावटळीने ते उताणे पाडले. काचेवर कोळ्याचे जाळे उमटले. मग हिशेब केला. ही दोन पॅनेल उघडली की पाऊण चौरस मीटरच्या आसपास पृष्ठ होते. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सुमारे ६ किलोचा रेटा येतो. वेग दीडपट झाला की रेटा सव्वादोनपट, म्हणजे १४ किलोच्या जवळ, जो पॅनेलच्या वजनाहूनही जास्त. हिशेब आधी केला असता तर काच वाचली असती. तेव्हापासून चारी पायांना दोरी आणि खुंटी, अथवा मातीने भरलेली पोती, ह्यांवाचून आम्ही ते उघडत नाही.

ह्या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघते आणि आषाढीला पंढरपुरी पोचते. दिंडीच्या ट्रकवर हेच पॅनेल ठेवले तर? दाट ढगांच्या दिवशी उत्पन्न निरभ्र दिवसाच्या चौथाईवर, कधी त्याहूनही खाली येते. तेथे पॅनेल दुप्पट-तिप्पट हवे, किंवा गरज दिव्यापुरती आवळून घ्यावी. जो विक्रेता बारा महिने सारखेच उत्पन्न सांगतो त्याने पाऊस पाहिलेला नाही, असे समजावे. उलट ऊसतोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. ते सगळे दिवस उघडीपीचे. ज्यांना विजेची गरज सर्वांत अधिक, त्यांच्याच वाट्याला सूर्य सर्वांत भरवशाचा आला आहे.

ह्या संचात सर्वांत महाग भाग बॅटरीचा, आणि कोयत्यावर उचल घेऊन आलेल्या जोडप्याला तो सहज झेपेल असे आम्ही म्हणणार नाही. पण ह्यात असे एकही काम नाही की जे आपल्या सातपूर-अंबडच्या कारागिराला किंवा आयटीआयच्या मुलांना येत नाही. हौशी मंडळींनी सुट्टीत आपल्या गाडीसाठी एक संच जरूर बांधावा. त्याच वेळी भाग आणून दुसराही बांधावा, आणि दिवाळीनंतर जी टोळी आपल्या जवळच्या फडावर उतरेल तिच्याकडे तो द्यावा. देताना बिजागरीला तेल कसे घालायचे, काच ओल्या फडक्याने सकाळी कशी पुसायची आणि फ्यूज कसा बदलायचा, हे त्यांतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीला शिकवून यावे. आईबाप फडात गेल्यावर कोपी तीच सांभाळत असते, आणि रात्री त्या दिव्याखाली पुस्तक उघडायचे असेल तर तेही तिलाच.