पोळी विकतची, वरण घरचं

संध्याकाळी सातनंतर डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की दोन रांगा दिसतात, एक रिक्षाची आणि दुसरी पोळी-भाजी केंद्रासमोरची. दुसऱ्या रांगेत उभं राहताना अजूनही काही जणी अवघडतात. ओळखीचं कुणी भेटलं तर, न विचारताच, "आज जरा उशीर झाला म्हणून" असं सांगून टाकतात. हे वाक्य मीही कितीतरी वर्षं म्हटलं आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत हजारो घरांतले आईबाप सकाळी तास-सव्वा तास लोकलला लटकून मुंबई गाठतात आणि तेवढाच वेळ परतीला घालवतात. अशा घरांत जेवणाबद्दलचे गैरसमज वेळ तर खातातच, वर मनाला टोचणीही लावतात. त्यातले मला सगळ्यात जास्त सलणारे इथे मांडते.

गैरसमज : विकतची पोळी म्हणजे घराची हेळसांड

पोळीत असतं काय? गव्हाचं पीठ, पाणी, चिमूटभर मीठ, थोडं तेल. केंद्रातली बाई लाटते त्या पोळीतही हेच असतं. चार माणसांच्या घरात रात्रीच्या बारा-चौदा पोळ्यांना, कणिक भिजवण्यापासून ओटा पुसेपर्यंत, पाऊण तास सहज जातो. तेवढ्याच वेळात वरण-भात, एक पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर होते. म्हणून पोळी बाहेरची आणि भाजी घरची हा फायद्याचा सौदा. पोळ्या घरी लाटून भाजी बाहेरून आणणं हा तोट्याचा, कारण बाहेरच्या भाजीत तेल किती, मीठ किती आणि ते तेल कितव्यांदा तापलंय, हे आपल्याला कळत नाही.

मी एक गोष्ट ठरवून टाकली आहे : मेहनत विकत घ्यायची, चव घरी करायची. सोललेला लसूण, खवलेला नारळ, मोड आलेली मटकी, निवडलेली मेथी, भाजलेली पोळी ही सगळी मेहनत आहे. तिचे पैसे मी आनंदाने देते. तयार ग्रेव्ही किंवा गोठवलेले पराठे घेताना मात्र पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचते. पराठ्यांच्या पाकिटावर पुष्कळदा मैदा आणि पामतेल पहिल्या ओळीतच भेटतात.

आणि दुसरीच्या हातचं जेवणं मुंबईला नवं नाही. गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून इथे राहायचे, तेव्हा गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनीच त्यांना जेवू घातलं. त्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एका घरची चूल दुसऱ्या घरची भूक भागवते आणि त्यावर त्या बाईचाही संसार चालतो, यात खाली मान घालण्यासारखं काय आहे? डोंबिवलीतली पोळी-भाजी केंद्रं मला त्याच वाटेवरची वाटतात.

लक्ष द्यायचं ते दुसरीकडे. दुकानात अन्नसुरक्षेच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक लावलेला असायला हवा, तो बघावा. पोळ्या वर्तमानपत्रात बांधून घेऊ नयेत. छपाईच्या शाईतली शिशासारखी द्रव्यं गरम, तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला मनाई केली आहे. वडापावालाही हेच लागू. पिशवीत एक रिकामा डबा ठेवला की हा प्रश्न मिटतो.

गैरसमज : चांगली भाजी पहाटे उठणाऱ्यालाच मिळते

कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत नाशिककडचा माल कसारा घाट उतरून येतो. जुन्नर-ओतूरकडचा माळशेज घाटातून मुरबाडमार्गे येतो. गाड्या रात्री भरतात आणि पहाटे रिकाम्या होतात. तोच माल मग कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या पाट्यांवर पसरतो. म्हणजे सकाळी आठची भेंडी आणि संध्याकाळी सातची भेंडी बहुतेक वेळा एकाच गाडीतून उतरलेली असते. फरक पडतो तो पालेभाज्यांत. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर उन्हात दिवसभर राहिल्या की कोमेजतात आणि त्यांतलं क जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं. त्या शक्यतो सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्याव्यात आणि दोन दिवसांत संपवाव्यात. गवार, फरसबी, वांगी, सिमला मिरची फ्रिजमध्ये तीन-चार दिवस छान राहतात. कोबी त्याहून जास्त टिकतो. अख्खा लाल भोपळा आणि सुरण तर आठवडे टिकतात. आठवड्याची भाजी या क्रमाने खाल्ली की रोज बाजारात जावं लागत नाही. सोमवारी मेथी, गुरुवारी गवार, शनिवारी भोपळा, असं आमच्याकडे चालतं.

संध्याकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात अजूनही मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात. त्या अर्ध्या तासाची मदत फार मोठी असते. फक्त निवडणं गाडीत आणि चिरणं घरी, एवढं पाळावं. भाजी आधी वाहत्या पाण्यात धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात.

'जवळ पिकलेली ती चांगली' या समजुतीबद्दल मात्र थोडं कठोर व्हावं लागेल. उपनगरी रेल्वेच्या रुळांलगत पालक, लाल माठ, मुळा, भेंडीचे वाफे आपण वर्षानुवर्षं खिडकीतून पाहत आलो. ही भाजी रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' योजनेत दिलेल्या जमिनीवरची, आणि तिला बऱ्याच ठिकाणी शेजारच्या नाल्याचं पाणी दिलं जायचं. अशा पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम पालेभाज्या आणि कंद आत शोषून घेतात. वरून कितीही धुतलं, मिठाच्या पाण्यात ठेवलं, तरी ते निघत नाही. त्यामुळे पालक कुठून आला हे विकणाऱ्याला विचारायला लाजू नये. उत्तर पटलं नाही तर त्या दिवशी दुधी घ्यावा.

गैरसमज : फ्रिजमधली कणिक वाईट, रात्रीचा भात मात्र चालतो

हा गैरसमज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण यात भीती भलत्याच जागी बसली आहे.

रात्री भिजवून, तेलाचा हात लावून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवलेली कणिक दुसऱ्या दिवशी निर्धास्त वापरावी. ती वरून काळपट दिसते, कारण गव्हातल्या घटकांचा हवेशी संयोग होतो. कापलेलं सफरचंद तपकिरी होतं, तसंच हे. त्यात विष नाही आणि अशुभही काही नाही. सकाळच्या डब्यासाठी पावणेसहाला उठणारी आई सहाला उठू शकते, एवढाच त्याचा परिणाम.

भाताची गोष्ट निराळी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर रात्रभर राहिला की आपल्या दमट हवेत ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, म्हणून सकाळी कडकडीत फोडणी दिली तरी ते तसंच राहतं. आजीच्या हातचा फोडणीचा भात सगळ्यांना आठवतो, मलाही आठवतो. तो बंद करायची गरज नाही. उरलेला भात पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी वाफ निघेपर्यंत गरम करावा. वरण, उसळ, रस्सा यांनाही दोन तासांचा हाच नियम. गरम भांडं थेट फ्रिजमध्ये जात नसेल तर पाण्याच्या परातीत ठेवून आधी कोमट करावं.

गोठवलेल्या मटारांबद्दलही पुष्कळ जण नाक मुरडतात. ते काढल्यावर लगेच उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. चार दिवस प्रवास केलेल्या जून शेंगांपेक्षा त्यात सत्त्व कमी नसतं. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की घरीही हे करता येतं.

गैरसमज : कुकरमध्ये सत्त्व जळतं

हॉकिन्सचा एक कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे, म्हणजे कुकर हा आपल्या गावचाच म्हणायचा. आत तापमान साधारण १२० अंशांपर्यंत चढतं, पण अन्न थोडाच वेळ शिजतं. सत्त्व जास्त जातं ते उघड्या पातेल्यात बराच वेळ उकळून पाणी ओतून देण्याने. कुकरात डाळीचं पाणी वरणातच राहतं. खाली डाळ, मध्ये भात, वरच्या भांड्यात भोपळ्याच्या फोडी किंवा बीट ठेवलं की एका शिट्टीबाजीत अर्धं जेवण होतं.

वरण-भातात ताकद नसते, हेही खरं नाही. तांदळात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात. दोन्ही एकत्र आले की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. आपल्या ताटात कमी पडते ती भाजी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. पोळीला लावून खायची दोन चमचे भाजी त्याच्या जवळपासही पोचत नाही. भाजी जास्त आणि पोळी एक कमी, एवढा बदल मुलांच्या ताटात केला तरी खूप झालं.

गैरसमज : दुधात पावडर घातल्याशिवाय मूल वाढत नाही

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दुधात घालायच्या पावडरींसारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितली. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची व्याख्याच नाही. डब्यावर साखर किती ते वाचावं, दूध नुसतं द्यावं, सोबत मूठभर फुटाणे किंवा शेंगदाण्याचा लाडू ठेवावा. यापुढे या विषयावर बोलण्यासारखं फारसं नाही.

गैरसमज : चव आईच्या हातालाच असते

हे प्रेमाने बोललं जातं आणि बाईला ओट्याशी बांधून ठेवतं. देशभरातल्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या आणि पुरुष ९७. आमच्या भागात त्या मिनिटांवर लोकलचे अडीच तास चढतात.

चव हाताला असते त्यापेक्षा मापाला जास्त असते. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत पोचलं, कारण त्यांनी अंदाजपंचे काही न सांगता वाटी आणि चमच्याचं माप दिलं. ज्याला वाटी मोजता येते त्याला खिचडी येते, मग तो बाप असो की दहावीतला मुलगा. आमच्या घरी गुरुवारचं आणि रविवारचं रात्रीचं जेवण नवरा करतो. पहिल्या महिन्यात मी मध्ये बोलायची, ते बंद केल्यावर त्याला लवकर जमलं. आणि स्वयंपाकाइतकाच थकवा 'आज काय करायचं' या प्रश्नात असतो. आठवड्याचा बेत रविवारी सगळ्यांनी मिळून कागदावर लिहिला की तो भारही वाटला जातो.

गैरसमज : रानभाज्या म्हणजे हौशी माणसाचं काम

जूनच्या पहिल्या सरींनंतर शहापूर, मुरबाडच्या कातकरी आणि ठाकर बायका रानभाज्या घेऊन येतात. कोणी आसनगाव, वाशिंद, खडवलीहून कसारा लोकलने, कोणी मुरबाडहून एसटीने. कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या बाजारांत कडेला गोणपाट टाकून बसतात. समोर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आणि पुढे करटोली. या भाज्यांना ना खत, ना फवारणी, आणि त्यांचे पैसे थेट काढणारीच्या हातात जातात.

अवघड म्हणावी अशी त्यातली एक शेवळं. त्यात घशाला खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, म्हणून ती काकडं नावाच्या आंबट फळाबरोबर किंवा चिंच, आमसूल घालून नीट शिजवतात. पहिल्यांदाच करणाऱ्याने ती जाणत्या माणसाकडून शिकावी, सीकेपी घरांत ती शिकवणारी माणसं अजून आहेत. रस्त्याकडेला उगवलेलं ओळखीचं वाटतं म्हणून स्वतः खुडू नये. बाकीच्या भाज्या मेथीइतक्याच सोप्या. टाकळ्याची कोवळी पानं, भिजवलेली चणाडाळ, कांदा, लसूण, वरून खोबरं, आणि वीस मिनिटांत भाजी तयार.

येत्या पावसाळ्यात स्टेशनबाहेर गोणपाटावर बसलेली अशी कुणी दिसली तर पाच मिनिटं थांबा. टाकळ्याची एक जुडी घ्या, भाव पाडू नका, आणि ती कशी करायची ते तिलाच विचारा. सोबत मूल असेल तर त्यालाच विचारू द्या.