वारशातला निम्मा वाटा: जालना जिल्ह्याचा एक हिशेब

३९.५ आणि ४९.४. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली जो अहवाल आला, त्यात उस्मानाबाद-बीड या नोंदणी क्षेत्राचे हे आकडे आहेत: वर्षाला दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि दर लाख स्त्रियांमागे ४९.४ नवे कर्करुग्ण. देशातल्या सगळ्या नोंदणी क्षेत्रांत हे सर्वांत कमी. मिझोराममधल्या ऐजॉलमध्ये पुरुषांचा हाच दर २६९.४ आहे. आकडा कमी म्हणून हुरळून जायचं कारण नाही. खेड्यात निदानाविना गेलेलं माणूस नोंदवहीत येत नाही. तरीही बीडला लागून असलेल्या जालना जिल्ह्याचा अंदाज बांधायला याहून जवळचं माप मिळणार नाही.

२०११च्या जनगणनेत जालन्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. त्यात स्त्रिया साडेनऊ लाखांच्या आसपास. शेजारचा दर लावला तर वर्षाला स्त्रियांमध्ये सुमारे ४७० आणि पुरुषांमध्ये ४००, म्हणजे एकूण ८७० नवे रुग्ण. हे दर वयाचा फरक काढून टाकलेले आहेत आणि लोकसंख्या तेव्हापासून वाढलेली आहे, त्यामुळे गणित ढोबळच. आता यात दुसरी टक्केवारी घालू. कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणांमध्ये रोगाच्या मुळाशी आई किंवा वडिलांकडून आलेला जनुकीय दोष असतो. जालन्यापुरतं हे वर्षाला ४५ ते ९० रुग्ण. उरलेले नव्वद टक्के तंबाखू, विषाणूसंसर्ग, वाढतं वय आणि निव्वळ योगायोग यांच्या खात्यावर. घरात एकाला कर्करोग झाला की ‘आता आपल्या रक्तातच आहे’ असं धरून बसणारी कुटुंबं बहुतेक वेळा उगाच घाबरलेली असतात.

या ४५ ते ९० जणांत सर्वाधिक अभ्यास झालेली जनुकं म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली पहिलं जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९४ मध्ये ते नेमकं हाती लागलं, तर पुढच्या वर्षी १३व्या गुणसूत्रावरचं दुसरं. दोन्हींचं काम डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर दुसरीवर काम चालतं, आणि एखाद्या पेशीत तीही गेली की तिथे चुका साचू लागतात. जवळपास दहा हजार वाहक, म्हणजे असा दोष अंगात असलेल्या, स्त्रियांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के. अंडाशयाच्या कर्करोगाची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. भारतातल्या सर्वसाधारण स्त्रीला ७४ वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता २९ मध्ये १, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत.

७२चा आकडा छातीत धडकी भरवतो. माझ्या मते मात्र जिल्ह्याच्या कामाचा आकडा ५० आहे. वाहकाच्या प्रत्येक अपत्याकडे हा दोष जाण्याची शक्यता निम्मी. सात-बारावर लेकीचं नाव लागो न लागो, या वारशात मुलगा-मुलगी दोघांचा हिस्सा सारखा, आणि तो वडिलांकडूनही तेवढाच येतो. दवाखान्यात ‘घरात कुणाला होता का?’ असं विचारलं की बाई आई, बहीण, मावशी आठवते. आत्या आणि वडिलांची आई राहून जाते. काकू किंवा मामीचा आजार कितीही डोळ्यांदेखत घडलेला असला तरी या हिशेबात तो धरायचा नाही. ज्या घराण्यात दोन पिढ्या मुलगेच जास्त झाले, तिथे दोष गुपचूप पुढे सरकतो. बीआरसीए-२च्या वाहक पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, शंभरात सहा-सात जणांना, आणि प्रोस्टेटचा धोकाही वाढतो.

मराठवाड्यात आणखी एक गुंता आहे, मामाच्या मुलीशी लग्नाचा. एक जण वाहक असेल तर सख्ख्या मामाच्या मुलीतही तोच दोष असण्याची शक्यता आठात एक. नात्याबाहेरच्या घरात ती काही शेकड्यांत एक. नवरा-बायको दोघेही बीआरसीए-२चे वाहक निघाले, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, आणि त्यातून फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार बालपणीच होतो.

पण कौटुंबिक इतिहास लिहून घेताना इथे सगळ्यात मोठा अडथळा येतो तो ‘पिशवी काढली’ या उत्तराचा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी आली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा जणींत जवळपास एकीचं. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ ही भीती घातल्याचं अनेकींनी सांगितलं. जालन्यातूनही कोयता घेऊन हजारो कुटुंबं दरसाल फडावर जातात. आता अशा बाईची मुलगी तिशीत छातीत गाठ घेऊन आली आणि ‘आईची पिशवी काढली होती’ म्हणाली, तर डॉक्टरने काय समजायचं? अंगावरून पांढरं जात होतं म्हणून काढली, की अंडाशयात गाठ होती म्हणून? अंडाशय ठेवलं की काढलं? डिस्चार्ज कार्ड बहुधा मिळत नाही. बीआरसीएचा धोका आहे तो अंडाशयाला आणि बीजवाहिन्यांना. नुसतं गर्भाशय काढून तो कमी होत नाही. म्हणजे गरज नसलेल्या हजारो शस्त्रक्रिया झाल्या, आणि ज्या थोड्या कुटुंबांना खरा धोका होता त्यांचा पुरावाही त्याच ढिगात हरवला.

तपासायचं कुणाला? सरसकट सगळ्यांना तर नाहीच. लहान वयात रोग झालेल्या किंवा घरात आधी कर्करोग होऊन गेलेल्या निवडक १,०१० भारतीय रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात ३०.१ टक्के रुग्णांत दोष सापडला आणि त्यातले ८५ टक्के बीआरसीएचेच. अंडाशयाच्या कर्करोगात तर चारातल्या एकीत तो आढळतो, म्हणून तिथे वय किंवा घरचा इतिहास न पाहताच चाचणी सुचवतात. अनेक जनुकं एकदम पाहणाऱ्या पॅनेल चाचणीला खासगी प्रयोगशाळेत साधारण १५ ते २५ हजार लागतात. दोष एकदा कळला की नातेवाइकांत नेमका तेवढाच शोधायचा असतो, तो खर्च बराच कमी.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी रुग्ण, मग नातेवाईक. रुग्णात दोष सापडला आणि लेकीत तो नसला, तर तिचा धोका सर्वसाधारण स्त्रीइतका, ती मोकळी. आई मात्र चाचणीविनाच गेली, तर लेकीच्या ‘निगेटिव्ह’ अहवालाला फारसा अर्थ उरत नाही. आईत दोष नव्हताच, की होता आणि लेकीकडे आला नाही, की या चाचणीला न दिसणाऱ्या जागी आहे, हे ओळखता येत नाही. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्याहून साठेक किलोमीटरवर आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. केमोच्या फेऱ्यांसाठी लोक या दोन्ही ठिकाणी जातातच. त्याच फेरीत रक्ताची एक नळी जास्त घेता येते. वर्षाला दोष असलेले ६० रुग्ण आणि प्रत्येकाचे आईवडील, सख्खी भावंडं, मुलं असे पाच नातेवाईक धरले, तर ३०० माणसं, त्यात सुमारे १५० वाहक, आणि त्यातले बरेच अजून निरोगी.

निरोगी वाहक स्त्रीसाठी करण्यासारखं बरंच असतं. पंचविशीपासून दरसाल स्तनांचा एमआरआय, आणि मुलं झाल्यावर बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० या वयात अंडाशयं आणि बीजवाहिन्या काढणं. त्याने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी उतरतो.

अठरा वर्षांखालच्या मुलींची ही चाचणी करत नाहीत, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत जालन्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ३५ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. चाचणीचं वय येईतो लेक सासरी असते. तिथे अहवाल कुणाच्या हाती पडेल, खर्च कोण करेल आणि तिच्यावर दोष कोण ठेवेल, हे सांगता येत नाही. म्हणून आईच्या केसपेपरवर लेकींचे स्वतःचे फोन नंबर लिहून घ्यायचे, जावयांचे नव्हे.