ड्युअल-चॅनेल मेमरी

ड्युअल-चॅनेल मेमरी ही संगणकाचा प्रोसेसर आणि मुख्य मेमरी (रॅम) यांच्यात माहितीच्या देवाणघेवाणीसाठी दोन समांतर मार्ग पुरवणारी रचना आहे. मराठीत तिला द्विमार्गी स्मृतिरचना म्हणता येईल. या रचनेमुळे मेमरीची सैद्धांतिक बँडविड्थ, म्हणजे एका सेकंदात वाहून नेता येणाऱ्या माहितीचे प्रमाण, दुप्पट होते. संगणकाचा एकूण वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. कार्यालयीन कामात हा फरक सहसा जाणवत नाही. प्रोसेसरमधील अंतर्भूत ग्राफिक्स वापरणाऱ्या संगणकावर खेळ खेळताना तो ठळकपणे दिसतो.

कार्यपद्धती

मेमरीशी होणारा सर्व व्यवहार मेमरी कंट्रोलर हा भाग सांभाळतो. पूर्वी तो मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये असे. आता तो प्रोसेसरमध्येच असतो. डीडीआर४ पर्यंतच्या पिढ्यांत एका चॅनेलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट असते. डीडीआर४-३२०० प्रकारची मेमरी सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीचे हस्तांतरण करते. त्यामुळे एका चॅनेलची कमाल बँडविड्थ सेकंदाला २५.६ गिगाबाइट भरते. दोन चॅनेल वापरात असताना एकूण रुंदी १२८ बिट होते आणि कमाल बँडविड्थ ५१.२ गिगाबाइटवर जाते.

बँडविड्थ आणि विलंबकाळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रोसेसरने मागणी केल्यापासून माहितीचा पहिला अंश हाती येईपर्यंतच्या काळाला विलंबकाळ म्हणतात. रस्ता दुपदरीचा चौपदरी केला, तरी मोकळ्या रस्त्यावरून जाणाऱ्या एकट्या वाहनाचा प्रवास लवकर संपत नाही; गर्दीच्या वेळी मात्र अधिक वाहने एकाच वेळी पुढे सरकतात. दुसऱ्या चॅनेलचा परिणाम असाच आहे. मेमरीवर ताण नसताना विलंबकाळ जवळजवळ तेवढाच राहतो. अनेक मागण्या एकाच वेळी आल्यावर त्यांची रांग लवकर ओसरते.

इतिहास

इ.स. २००० मध्ये पेंटियम ४ प्रोसेसरसोबत आलेल्या इंटेलच्या ८५० चिपसेटमध्ये आरडीरॅम प्रकारच्या मेमरीचे दोन चॅनेल होते. त्यांची एकत्रित बँडविड्थ सेकंदाला ३.२ गिगाबाइट होती आणि प्रोसेसरला चिपसेटशी जोडणाऱ्या बसची क्षमताही तेवढीच होती. आरडीरॅम महाग असल्याने ती मागे पडली. २००३ मध्ये इंटेलच्या ८६५ आणि ८७५पी या चिपसेटांनी डीडीआर-४०० मेमरीचे दोन चॅनेल दिले. येथेही दोन्ही बाजूंची क्षमता ६.४ गिगाबाइट अशी जुळत होती.

एनव्हिडियाच्या २००१ मधील एनफोर्स चिपसेटची स्थिती वेगळी होती. दोन चॅनेलमुळे मेमरी सेकंदाला ४.२ गिगाबाइट माहिती देऊ शकत होती, परंतु एएमडीच्या अॅथलॉन प्रोसेसरच्या बसमधून २.१ गिगाबाइटच जाऊ शकत असे. उरलेल्या क्षमतेचा उपयोग मुख्यतः चिपसेटमधील ग्राफिक्सला होत असे. मेमरी कितीही रुंद केली, तरी ती माहिती घेणारा घटक नसेल तर लाभ होत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

अॅथलॉन ६४ या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच आला. २००३ मधील सॉकेट ७५४ साठीच्या आवृत्तीत एक चॅनेल होते, तर २००४ मधील सॉकेट ९३९ साठीच्या आवृत्तीत दोन. २.२ गिगाहर्ट्झ वेग आणि ५१२ किलोबाइट कॅशे असलेल्या एकचॅनेली प्रोसेसरला एएमडीने ३२००+ हा क्रमांक दिला, तर तेवढाच वेग आणि तेवढीच कॅशे असलेल्या द्विचॅनेली प्रोसेसरला ३५००+. हे क्रमांक कंपनीच्या मते असलेली सापेक्ष कामगिरी सुचवत असत. त्यानुसार, बँडविड्थ दुप्पट होऊनही अपेक्षित लाभ सुमारे ९ टक्के होता.

कामगिरीवरील परिणाम

सामान्य वापर

प्रोसेसरला लागणारी बहुतांश माहिती त्याच्या कॅशे मेमरीतच सापडते आणि मुख्य मेमरीकडे जाण्याची गरज क्वचित पडते. लेखन, संकेतस्थळे पाहणे, हिशेबाचे तक्ते आणि चित्रफिती पाहणे यांसाठी एका चॅनेलची बँडविड्थही पुरेशी ठरते. १९२० × १०८० आकाराच्या पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा मेमरीतून वाचण्यास सुमारे अर्धा गिगाबाइट बँडविड्थ लागते. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलच्या तुलनेत हा भार अल्प आहे.

लाभाचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. एखादे काम १०० सेकंद चालते आणि त्यांपैकी १० सेकंद बँडविड्थच्या तुटवड्यामुळे जातात असे मानू. बँडविड्थ दुप्पट केल्यास ते १० सेकंद ५ होतील आणि काम ९५ सेकंदांत संपेल. हेच प्रमाण ६० सेकंद असेल, तर काम ७० सेकंदांत होईल. त्यामुळे ड्युअल-चॅनेलचा लाभ टक्केवारीत विचारल्यास सर्व कामांना लागू पडेल असा एकच आकडा सांगता येत नाही.

अंतर्भूत ग्राफिक्स

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची वेगवान मेमरी असते. प्रोसेसरमधील अंतर्भूत ग्राफिक्सला मात्र मुख्य मेमरीवरच विसंबावे लागते आणि ती प्रोसेसरच्या गाभ्यांसोबत वाटून घ्यावी लागते. एएमडीच्या रायझन ५ २४००जी (२०१८) यांसारख्या प्रोसेसरांवर दुसरे चॅनेल भरल्याने अनेक खेळांतील प्रतिसेकंद चित्रसंख्या एक तृतीयांशाहून अधिक वाढते. एखादा खेळ अडखळत चालेल की सुरळीत, हे अनेकदा यावरच ठरते. लॅपटॉपमधील इंटेल आयरिस एक्सई ग्राफिक्ससाठी तर दोन्ही चॅनेल भरलेली असणे ही अट आहे. एकच चॅनेल असल्यास तोच भाग यूएचडी ग्राफिक्स या नावाने दिसतो.

अवजड गणना

मोठ्या आकाराची माहिती सलग वाचणाऱ्या कामांत दुसऱ्या चॅनेलचा उपयोग स्पष्ट दिसतो. द्रवगतीचे अनुकरण आणि मोठ्या सारण्यांवरील गणिते ही त्याची उदाहरणे होत. घरच्या संगणकाच्या प्रोसेसरवर भाषाप्रारूप चालवताना प्रत्येक शब्दखंडासाठी जवळजवळ संपूर्ण प्रारूप मेमरीतून वाचावे लागते. ४ गिगाबाइटच्या प्रारूपासाठी २५.६ गिगाबाइटच्या एका चॅनेलवर सेकंदाला कमाल ६ शब्दखंड, तर दोन चॅनेलांवर सुमारे १२ शब्दखंड मिळू शकतात.

मापनातील फरक

स्ट्रीमसारख्या चाचण्या मेमरीची बँडविड्थच मोजतात. त्यांत दुसरे चॅनेल भरल्यावर आकडे जवळजवळ दुप्पट झालेले दिसतात. प्रत्यक्ष प्रोग्रॅमच्या चाचण्यांत तो फरक बहुधा आटतो. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर असतात, परंतु पहिल्यावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही. योग्य तुलनेसाठी दोन्ही वेळा एकूण मेमरी समान असावी लागते. ८ गिगाबाइटचे एक मॉड्यूल आणि तशीच दोन मॉड्यूल यांची तुलना केल्यास, दिसणारा लाभ दुसऱ्या चॅनेलचा की वाढलेल्या क्षमतेचा, हे ठरत नाही.

जोडणी आणि निवड

दोन चॅनेल वापरण्यासाठी प्रत्येक चॅनेलमध्ये किमान एक मॉड्यूल असावे लागते. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या बाजूने दुसरा आणि चौथा स्लॉट भरण्याची शिफारस असते. शेजारशेजारचे स्लॉट भरल्यास दोन्ही मॉड्यूल एकाच चॅनेलमध्ये जाऊ शकतात. संगणक सुरू होतो आणि पूर्ण मेमरीही दाखवतो, त्यामुळे ही चूक सहज लक्षात येत नाही. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये किंवा बायॉसच्या माहितीत चॅनेलची स्थिती तपासता येते. मॉड्यूल असमान क्षमतेची असल्यास अनेक संगणकांत समान भाग ड्युअल-चॅनेल पद्धतीने आणि उरलेला भाग एकचॅनेली पद्धतीने वापरला जातो.

१६ गिगाबाइटच्या एका मॉड्यूलपेक्षा ८ गिगाबाइटची दोन मॉड्यूल सामान्यतः सरस ठरतात. तथापि मेमरी अपुरी पडल्यास संगणक डिस्कचा आधार घेतो आणि डिस्क रॅमहून कितीतरी मंद असते. म्हणून पुरेशी क्षमता ही पहिली गरज आणि दुसरे चॅनेल ही त्यानंतरची होय.

डीडीआर५ मधील बदल

२०२० मध्ये प्रमाणित झालेल्या डीडीआर५ च्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये ३२ बिटांची दोन उपचॅनेल असतात. त्यामुळे एकाच मॉड्यूलला ड्युअल-चॅनेल म्हटले जाण्याचा संभव असतो. परंतु त्याची एकूण रुंदी ६४ बिटच राहते. डीडीआर५-४८०० चे एक मॉड्यूल सेकंदाला ३८.४ गिगाबाइट, तर दोन चॅनेलांतील दोन मॉड्यूल ७६.८ गिगाबाइट बँडविड्थ देतात. म्हणून या पिढीतही दुसऱ्या मॉड्यूलचे महत्त्व कायम आहे.