सैतानाचे भय आणि 'ब्लॅक सॅबथ'

इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात, ॲस्टन नामक कामकरी वस्तीत वाढलेल्या चार तरुणांच्या 'ब्लॅक सॅबथ' या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली, आणि हेवी मेटल संगीतावर सैतानपूजेचा जो आरोप आजतागायत दाखल आहे, त्याचा उगम बहुतांशी तेथेच सापडतो. वस्तुतः वृंदाची बहुतेक गीते रचणारा गीझर बटलर हा आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढलेला. तारुण्यात त्याने गूढविद्येचे ग्रंथ वाचले हे खरे, परंतु वृंदाच्याच नावाच्या गीतातील निवेदक समोरच्या काळ्या आकृतीची आराधना करीत नाही, तर भयाने व्याकूळ होऊन देवाचा धावा करतो. हा भेद मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. कारण सैतानाला भिणारा मनुष्य श्रद्धेच्या अंमलाखालीच वावरत असतो.

त्या भयाचे निम्मे श्रेय वृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या गिटारीला द्यावयास हवे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, षड्जावरून तारषड्जावर झेप घेऊन ती तीव्र मध्यमावर येऊन थांबते, आणि षड्ज व तीव्र मध्यम यांमधील हेच अंतर युरोपीय संगीतशास्त्रकारांनी 'संगीतातील सैतान' म्हणून बदनाम केलेले होते.

त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठाच्या आतील उलटा क्रूस मात्र ध्वनिमुद्रिका कंपनीने वृंदाला न विचारता छापला. पुढे १९७१ च्या 'आफ्टर फॉरएव्हर' या गीतात बटलरने उघडपणे ईश्वराची बाजू घेतली; आणि त्याआधीच, 'वॉर पिग्ज'मध्ये, चेटकिणींच्या मेळ्याची उपमा त्याने युद्ध पुकारणाऱ्या सेनापतींना दिली होती.