रक्त वर चढतं की खाली घसरतं?

दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या शिक्षिका, कंडक्टर, वाहतूक पोलीस अशा अनेकांच्या पोटऱ्या संध्याकाळी जड होतात आणि हळूहळू त्यांवर निळ्या, वाकड्यातिकड्या शिरा फुगून दिसू लागतात. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त मागे घसरून साचतं. हा दोष शोधणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : शिरा डोळ्यांना दिसतात, मग सोनोग्राफी कशाला?
वस्तुस्थिती : दिसतात त्या फांद्या. गळती बरेचदा वर, जांघेत किंवा गुडघ्यामागे असते, जिथे वरवरची शीर खोल शिरेला मिळते. तिथला दोष तसाच राहिला तर शिरा पुन्हा फुगू शकतात. खोल शिरेत गुठळी नाही ना, हेही याच तपासणीत पाहतात.

गैरसमज : सोनोग्राफी म्हणजे झोपूनच करायची.
वस्तुस्थिती : झडपा तपासायच्या तर रुग्णाला उभं करतात आणि भार दुसऱ्या पायावर घ्यायला सांगतात. आडवं झाल्यावर रक्ताला खाली ओढ राहत नाही, त्यामुळे गळती लपू शकते. डॉक्टर पोटरी दाबून सोडतात. दाबल्यावर रक्त वर जातं. सोडल्यावर ते किती वेळ मागे येतं, हे यंत्र मोजतं. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त, तर मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरेत एका सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त मागे आलं, तर झडप सदोष मानतात.

गैरसमज : पडद्यावर लाल म्हणजे शुद्ध रक्त, निळं म्हणजे अशुद्ध.
वस्तुस्थिती : हे रंग रक्ताचे नसून दिशेचे आहेत. रक्त यंत्राच्या प्रोबकडे येतंय की दूर जातंय, एवढंच ते सांगतात. ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 मध्ये मांडलेलं तत्त्व यामागे आहे.

गैरसमज : या तपासणीत किरणोत्सर्ग होतो.
वस्तुस्थिती : नाही. ध्वनिलहरी वापरतात. पायाच्या शिरांसाठी इंजेक्शन किंवा उपास सहसा लागत नाही.

गैरसमज : रिपोर्टमध्ये दोष निघाला म्हणजे ऑपरेशन अटळ.
वस्तुस्थिती : निर्णय त्रास, सूज, घोट्याजवळ काळवंडलेली त्वचा, न भरणारी जखम यांवर ठरतो. काहींना चालण्याचा व्यायाम आणि दाब देणारे मोजे पुरतात. लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने शीर बंद करायची झाली, तरी सुई सोनोग्राफीच्या आधारानेच आत नेतात.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एरवी, डॉप्लर करायला जाताना एक प्रश्न जरूर विचारा : “झडपांची तपासणी उभं करून करणार ना?”