शितावरून भाताची परीक्षा

संस्कृतांत ‘स्थालीपुलाक’ नांवाचा एक न्याय आहे. पातेल्यांतील एक शीत काढून दाबून पाहावें आणि सारा भात शिजला कीं नाहीं तें ठरवावें, असा त्याचा अर्थ. आमच्या गृहिणी तो नित्य व्यवहारांत आणतात व तो सहसा फसत नाहीं. कारण पातेल्यांतील सर्व शितांना एकच पाणी आणि एकच आंच लागलेली असते. परंतु हाच न्याय हजारों माणसांच्या समुदायास लावला म्हणजे काय होतें, याचा अनुभव 2018 सालीं आमच्या घरांत आला. तो वाचकांपुढें ठेवतों.

त्या वर्षीं 6 मार्च रोजीं किसान सभेचा मोर्चा आमच्या नाशिकांतून निघाला व सुमारें 180 किलोमीटर पायीं मुंबईस चालला. आम्ही नाशिकचेच रहिवासी. पण गांवांतून निघालेला हा समुदाय आम्हीं पाहिला तो दिवाणखान्यांतील टी.व्ही.च्या पडद्यावर. नोकरीनिमित्त मुंबईस राहणाऱ्या माझ्या धाकट्या बंधूंची कन्या दहावीच्या परीक्षेस बसली होती व सोमवारीं, 12 तारखेस, तिचा पेपर होता. रविवारीं सायंकाळीं पडद्यावर लाल बावट्यांचा पूर लोटला होता आणि निवेदक पुनःपुन्हां एकच प्रश्न विचारीत होता: उद्यां मुंबई ठप्प होणार काय? मीं तत्काळ बंधूंस फोन लावला आणि “या लोकांना नेमके परीक्षेचेच दिवस सांपडले काय?” असें त्राग्यानें बोललों. शेजारीं बसलेल्या मातोश्री पडद्याकडे पाहत म्हणाल्या, “अरे, त्या बाईच्या पायांत वहाण नाहीं. एवढ्या उन्हांत ती चालते आहे, ती कशासाठीं रे?” मी मॅट्रिक, बाकीचे चार पदवीधर, उत्तर एकालाहि देतां आलें नाहीं.

त्याच रात्रीं चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर मुक्कामास उतरलेले ते थकलेले शेतकरी, परीक्षार्थी मुलांना अडथळा नको म्हणून, मध्यरात्रीनंतर उठले आणि अंधारांतच आझाद मैदानाची वाट चालले. सकाळीं माझी पुतणी वेळेवर परीक्षेस बसली. मला लाज वाटली, ती केवळ मी रागावलों म्हणून नव्हे. रोज बातम्या पाहूनहि त्यांची मागणी मला ठाऊक नव्हती म्हणून.

मग मीं ती वाचून काढली. मोर्चांत आदिवासी फार मोठ्या संख्येनें होते. कर्जमाफी व शेतमालाचा भाव यांच्या बरोबरीनें त्यांचा मुख्य प्रश्न वनजमिनीचा होता. 2006 सालच्या वनहक्क कायद्याप्रमाणें, 13 डिसेंबर 2005 पूर्वींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस 4 हेक्टरांच्या मर्यादेंत तिचा हक्क मिळतो. परंतु दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हा समितीकडे जातो. वाटेंत तो फेटाळला जातो, किंवा प्रत्यक्ष कसलेल्या क्षेत्राहून कमी क्षेत्र पदरीं पडतें, अशी त्यांची तक्रार होती. हें समजून घेण्यास दहा मिनिटें पुरतात. पण त्याचें चित्र निघत नाहीं. रक्ताळलेल्या तळव्यांचें चित्र निघतें, खोळंबलेल्या मोटारींचें निघतें. फेटाळलेल्या दाव्याच्या कागदाचें निघत नाहीं. म्हणून चित्रावर जगणाऱ्या बातमींत ‘किती’ आणि ‘कोठें’ राहतें, ‘कां’ गळून पडतें.

ही खोड एकट्या आपल्याकडील नव्हे. 27 ऑक्टोबर 1968 रोजीं लंडनमध्यें व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. दंगल होणार, अशी हवा कित्येक दिवस आधीं पसरली होती. बहुतांश लोक शांततेनें चालले. एक लहान गट मात्र अमेरिकन वकिलातीजवळ ग्रोव्हनर चौकांत पोलिसांशीं झटला. लेस्टर विद्यापीठाच्या जेम्स हॅलोरन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या वृत्तांकनाचा अभ्यास करून 1970 सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. बातमीची चौकट आधींच ठरली होती आणि तींत बसणारा तेवढाच प्रसंग मोठा झाला, असा त्याचा निष्कर्ष. युद्धाचा प्रश्न कोठल्या कोठें राहिला.

दुसरें उदाहरण याहून गंभीर आहे. 18 जून 1984 रोजीं इंग्लंडांतील ऑरग्रीव्ह येथें संपकरी खाणकामगार व पोलीस यांची चकमक झाली. बी.बी.सी.च्या बातमीपत्रांत कामगारांची दगडफेक आधीं व घोडेस्वार पोलिसांची चाल नंतर दिसली. क्रम याच्या उलट होता, असें कामगार सांगत राहिले. 1991 सालीं बी.बी.सी.नें क्रमांत चूक झाल्याचें मान्य केलें. मात्र ती अनवधानानें घडली, असें तिचें म्हणणें होतें. कामगारांवरील दंगलीचा खटला 1985 सालींच कोसळला होता. संस्कृतांत पदें मागेंपुढें केलीं तरी वाक्याचा अर्थ सहसा बिघडत नाहीं, असें मी आयुष्यभर मुलांना शिकवीत आलों. चित्रांचें तसें नाहीं. तेथें क्रम बदलला कीं कार्य तें कारण होतें आणि मार खाणारा मारणारा ठरतो.

तथापि यंत्रास शिव्या देऊन भागणार नाहीं. 7 मार्च 1965 रोजीं अमेरिकेंतील सेल्मा गांवीं मतदानाचा हक्क मागणाऱ्या निःशस्त्र कृष्णवर्णीयांवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. तें दृश्य त्याच रात्रीं घरोघर दिसलें, देश हादरला आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत मतदान हक्काचा कायदा झाला. कॅमेरा न्यायालाहि उपयोगी पडतो. शिवाय आंदोलनांत अतिरेक होत नाहीं, असेंहि नाहीं. झाला तर तो दाखवावाच. प्रश्न इतकाच, कीं तो दाखवितांना बाकीचे हजारों लोक गेले कोठें?

म्हणून आमच्या घरीं आतां एक रिवाज पडला आहे. मोर्चाची बातमी लागली, कीं मत देण्यापूर्वीं प्रत्येकानें तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधावयाचीं. मागणी काय, ती एका वाक्यांत सांगतां येते काय? हें चित्र समुदायाच्या मध्याचें कीं कडेचें? याच्या आधीं काय घडलें होतें? उत्तर नसेल त्यानें आधीं वर्तमानपत्र उघडावें, मग तोंड.

12 मार्च 2018 रोजीं सरकारनें लेखी आश्वासन दिलें व शेतकरी परतले. आम्हांला वाटलें, विषय संपला. 2023 च्या मार्चांत नाशिक जिल्ह्यांतील शेतकरी पुन्हां मुंबईकडे चालूं लागले. मागण्यांत वनजमीन होतीच. मधलीं पांच वर्षें आमच्या पडद्यावर आम्हीं कधीं पाहिलीं नव्हतीं. मातोश्री तोंवर निवर्तल्या होत्या. पण पडद्यावर तीं पाउलें दिसतांच पुतणीनेंच विचारलें, “काका, मागल्या वेळच्या आश्वासनाचें काय झालें?” आणि या खेपेस मी उत्तर शोधावयास उठलों.